संगीताच्या तासाला मुलांनी शिकायचं काय? पाचवी ते दहावीच्या पालक-शिक्षकांचे नेहमीचे प्रश्न

जूनमधली पालकसभा संपली की चार-पाच जण संगीताच्या खोलीपाशी रेंगाळतात. प्रश्न दरवर्षी जवळजवळ तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. उत्तरं माझी आहेत. मी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. आठवड्याला एक तास, तोही पस्तीस मिनिटांचा, आणि वर्गात साठ मुलं. या हिशेबात बसेल तेवढंच खाली सांगितलं आहे.

दहावी झालेल्या मुलाला संगीतातलं नेमकं काय यायला हवं?

माझी यादी लहान आहे. तंबोरा सुरू केला की मुलाला आपला सा सापडावा. ओळखीचं गाणं लागलं की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येते ते हाताने दाखवता यावं. दोन ओळींची साधी चाल सरगमीत (सा, रे, ग अशा अक्षरांत) लिहून काढता यावी आणि दुसऱ्याने लिहिलेली वाचून म्हणता यावी. घोळक्यात गाताना शेजारच्याचा आवाज ऐकू यावा. चार-पाच राग कानाने ओळखता यावेत. आपल्या घरातली, गावातली काही गाणी तोंडपाठ असावीत.

एकट्याने स्टेजवर गाणं या यादीत नाही, हे बघून काही पालक नाराज होतात. पण साठातली दोन मुलं पुढे गातील, उरलेली अठ्ठावन्न जन्मभर ऐकतील. आपल्याकडे तास मात्र त्या दोघांसाठी चालतो आणि बाकीच्यांनी शांत बसणं हीच त्यांची शिस्त मानली जाते.

आमच्या मुलाला गळाच नाही. त्याने संगीताच्या तासाला काय करायचं?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि बहुतेकदा त्याचं उत्तर मुलाच्या गळ्यात नसतं, शिक्षकाच्या पट्टीत, म्हणजे तो ज्या उंचीवर सा धरतो तिच्यात, असतं. शिक्षक पुरुष असेल आणि काळी एकला (हार्मोनियमच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी) आपल्या जाड आवाजात गात असेल, तर पाचवीच्या पोराला तोच स्वर वरच्या सप्तकात उचलावा लागतो. काही मुलांना ते आपोआप जमतं. काहींना जमत नाही, ती खाली कुठेतरी गुणगुणतात आणि बेसूर ठरतात. एकदा ठरली की ठरली. मग समूहगीताच्या वेळी त्यांना 'तू नुसते ओठ हलव' असं सांगितलं जातं. हे वाक्य ऐकलेली पन्नाशीची माणसं मला भेटली आहेत, आणि ते कोणत्या यत्तेत ऐकलं हेही त्यांना आठवतं.

अशा मुलाला आधी त्याचा स्वतःचा स्वर काढायला सांगा, कोणताही. मग तुम्ही तो पकडा, हार्मोनियमवर शोधा आणि त्यालाच सा म्हणा. तिथून रे, ग असं एकेक पाऊल वर जा. महिनाभरात बरीच मुलं सुरात येतात. थोडी येतही नाहीत, पण त्यांची लय बहुधा पक्की असते. त्यांना टाळ द्या.

राग किती आणि कोणते शिकवावेत?

भूप, दुर्गा, यमन, काफी, भैरव आणि जमलं तर भीमपलास. यापेक्षा जास्त घेतले की वहीत आरोह-अवरोह (रागाचे चढते-उतरते स्वर) भरतात आणि कान रिकामे राहतात. भातखंड्यांचे दहा थाट, म्हणजे स्वरांवरून पाडलेले रागांचे दहा गट, पाठ करून घेण्याला माझा विरोध नाही, पण ते नववीत. पाचवीतल्या मुलाला 'पूर्वी थाटात रे, ध कोमल आणि म तीव्र' असं पाठ करायला लावणं म्हणजे साखर न चाखता तिची व्याख्या शिकणं.

एक खेळ सांगते. हार्मोनियमच्या फक्त काळ्या पट्ट्या वापरायच्या. काळी तीनला सा धरून त्या क्रमाने वाजवल्या की भूपाचे स्वर मिळतात. त्याच पट्ट्या, पण सा काळी एकला धरला की दुर्गाचे. काळी पाचला धरला की मालकंसाचे. पट्ट्या पाचच, एकही बदललेली नाही. बदलला तो फक्त आधार. मालकंस आला की वर्गात आपोआप शांतता पसरते. 'बाई, हे तेच आहेत?' असं कुणीतरी विचारतंच. सा म्हणजे काय हे मी फळ्यावर दहा वेळा लिहिलं असतं तरी त्यांना समजलं नसतं, ते तिथे कळतं.

अर्थात स्वर मिळाले म्हणजे राग आला असं नाही. रागाला चाल असते, थांबायच्या जागा असतात. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच, तरी राग वेगळे. पण ही गोष्ट आठवी-नववीत ऐकवून दाखवावी. पाचवीत नको.

ताल तबल्याशिवाय शिकवता येतो का?

येतो, आणि मी तर म्हणेन की आधी तसाच शिकवावा. हातावर टाळी-खाली धरून तोंडाने बोल म्हणायचे. दादरा सहा मात्रांचा (धा धी ना, धा ती ना), केरवा आठ, झपताल दहा, त्रिताल सोळा. एवढे चार पुरतात. त्रितालात टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर, खाली नवव्यावर. खाली ही मुलांना फार आवडते, कारण तिथे हात उलटा करून नुसता हवेत सोडायचा असतो.

सातवीच्या वर्गात मी लसावि घेते. अर्ध्या वर्गाने त्रिताल धरायचा, अर्ध्याने दादरा, मात्रांची लय एकच. दोघांची सम पुन्हा एकत्र कधी येईल ते आधी वहीत काढायचं. १६ आणि ६ यांचा लसावि ४८. म्हणजे त्रितालाची तीन आवर्तनं आणि दादऱ्याची आठ झाल्यावर दोन्ही गट एकदम समेवर. पहिल्या दिवशी सगळा गोंधळ उडतो. तिसऱ्या दिवशी ४८ मात्रांनंतर साठ हात एकदम पडतात तेव्हा शेजारच्या वर्गातले सर तक्रार घेऊन येतात. आमच्या गणिताच्या बाईंनी आता हे उदाहरण उचललं आहे. केरवा आणि झपताल घेतला तर ४० वर जुळतो.

लय तपासायची सोपी कसोटी म्हणजे राष्ट्रगीत. पूर्ण राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागायला हवेत. पहिल्यांदा घड्याळ लावलं तेव्हा आमच्या शाळेचं ४३ सेकंदांत संपलं होतं. उन्हात उभी असलेली मुलं लय वाढवतात, दुसरं काय.

स्वरलिपी शिकवण्यात वेळ का घालवायचा? गाणं तर ऐकूनच येतं.

ऐकून येतं हे खरं, आणि आपली परंपरा तशीच टिकली. पण विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी गावोगाव फिरून, उस्तादांकडून बंदिशी मिळवून त्या लिहून ठेवल्या नसत्या, तर त्यांतल्या कित्येक आज आपल्याला मिळाल्या नसत्या. वकिलीची सनद असलेला हा मुंबईचा माणूस, आणि त्यांचे मुख्य ग्रंथ मराठीत आहेत. हे मुलांना सांगितलं की स्वरलिपी जरा आपली वाटते.

शिकवायला ती दोन तासांचं काम आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र (खालच्या) सप्तकाला खाली टिंब, तार (वरच्या) सप्तकाला वर टिंब, समेला फुली, खालीला शून्य. विष्णु दिगंबर पलुस्करांची स्वरलिपी वेगळी आहे, पण शाळेत एकच घ्यावी. मग एक कागद द्या आणि सांगा: तुमच्या घरात पूजेला किंवा बाळाला झोपवायला जे म्हणतात त्याची पहिली ओळ लिहून आणा. आलेल्या कागदांवर चुका खूप असतात. पण ती ओळ लिहिण्यासाठी मुलाने ती वीस वेळा ऐकलेली असते, आणि मला तेवढंच हवं असतं.

आठवी-नववीत मुलगा गाईनासा झाला. जबरदस्ती करावी का?

नको. बहुतेकदा त्याचा आवाज फुटत असतो. साधारण बाराव्या ते पंधराव्या वर्षी मुलांचं स्वरयंत्र झपाट्याने वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. उतरताना तो सरळ उतरत नाही. आज काळी चारला गाणारं पोर दिवाळीनंतर तिथे पोचतच नाही, आणि मध्येच आवाज किंचाळून फाटतो. वर्ग हसतो. त्या एका हसण्याने कितीतरी मुलं गाणं कायमची सोडतात.

यातली माझी चूकही सांगते. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी सगळ्या वर्गांना काळी पाचलाच गायला लावत असे, कारण ती माझी पट्टी. नववीची मुलं मागच्या बाकांवर गप्प बसत आणि मी त्यांना आळशी समजून ओरडत असे. त्यांचा सा माझ्या पट्टीत उरलाच नव्हता.

आता मी आठवीच्या सुरुवातीलाच, कुणाचाही आवाज फुटायच्या आधी, हे काय असतं ते सगळ्यांना सांगते. मुलींनाही. त्यांचा आवाजही दोन-तीन स्वरांनी उतरतो, काही महिने त्यात हवा जास्त येते, पण याबद्दल कुणी बोलत नाही. ज्याचा आवाज बदलत आहे त्याने चार-पाच स्वरांच्या टप्प्यात, हळू आवाजात गावं, दर महिन्याला पट्टी तपासावी. वरचे स्वर ओढून काढू नयेत. समूहगीतात त्याला खालचा सा किंवा प धरून ठेवायला द्यावा, ते काम कमी महत्त्वाचं नाही. घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त राहिला तर मात्र कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. तो नेहमी वयाचाच असतो असं नाही.

लोकगीतं अभ्यासक्रमात किती असावीत?

निम्मी. हे ऐकून शास्त्रीयवाले रागावतात.

महाराष्ट्रात तालुका बदलला की वाद्य बदलतं. गोंधळाला संबळ आणि तुणतुणं, पोवाड्याला डफ, भजनाला टाळ आणि पखवाज, लावणीला ढोलकी, देवीच्या गाण्यांना चौंडकं. पालघरकडे वारल्यांचा तारपा, भोपळ्याचा, फुंकून वाजवायचा. लोकनाच आणि लोकनाट्यंही बदलतात: कोकणात जाखडी, विदर्भात दंडार आणि खडी गंमत. गोव्यात मातीचं घुमट, ज्याला पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. ती शिकार बंद झाल्यावर बकरीचं कातडं आलं आणि २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. असं एक वाद्य कळलं तर मुलाला निसर्ग, कायदा आणि नाद एकदम कळतात.

पण पुस्तकातली 'लोकगीतं' शिकवू नका. मुलांना घरी पाठवा. जात्यावरची ओवी आजीकडून ऐकून यायला सांगा. कुणाच्या घरी आता जातं नसतं, आजीला मात्र ओव्या आठवतात. पुण्यात हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतल्या पुष्कळशा आज 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकायला मिळतात, गाणाऱ्या बाईच्या नावासह. वर्गात ऐकवताना आधी ते नाव वाचावं.

एका सूचनेची इथे गरज आहे. गोंधळी, वासुदेव, पोतराज यांच्या घरातली मुलं आपल्याच वर्गात असतात. त्यांची कला म्हणजे स्नेहसंमेलनातली वेशभूषा नव्हे. शक्य असेल तर त्या मुलाच्या वडिलांना किंवा काकांना मानधन देऊन पाहुणे शिक्षक म्हणून बोलवा.

हार्मोनियम चालेल की तंबोराच हवा?

साठ मुलांचा वर्ग हार्मोनियमशिवाय चालवून दाखवा, मी शिकायला येईन. पण स्वर धरायचा सराव तंबोऱ्यावरच करावा, खरा नसेल तर मोबाइलवरचं अ‍ॅप चालतं, फक्त आवाजाला छोटा स्पीकर जोडा. पेटीच्या पट्ट्यांत स्वर ठोकून बसवलेले असतात, दोन स्वरांमधली मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, तिच्यावर निघत नाही. याच कारणांनी १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली आणि ती काही दशकं टिकली. आठवीच्या मुलांना हा वाद द्या आणि दोन्ही बाजूंनी बोलायला लावा. पेटीच्या बाजूने बोलणारी पोरं नेहमी जिंकतात, कारण गावच्या भजनात तिच्यावाचून पान हलत नाही.

विज्ञानाशी याची सांगड घालता येते का?

नववीत ध्वनी येतोच. एका फळीवर तार ताणा, किंवा जुनी सतार घ्या. तार बरोबर मध्ये दाबली की वरचा सा, दोन तृतीयांश लांबी ठेवली की प, तीन चतुर्थांश ठेवली की म. मोजपट्टीने मोजून स्वर काढल्यावर अपूर्णांकांची भीती कमी होते. आणि तबल्याची शाई कशासाठी, हा प्रश्न विचारा. साध्या ढोलाला नेमका स्वर नसतो, तबल्याला असतो, तो या मधल्या काळ्या लेपामुळे. सी. व्ही. रामन यांनी १९२० च्या सुमारास याच गोष्टीचा अभ्यास केला होता.

गांधर्वच्या परीक्षांना बसवावं का? दहावीला गुण मिळतात म्हणे.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होतात, पुढे प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. मुलाला गोडी असेल आणि घरी रोज अर्धा तास रियाज होत असेल तर जरूर बसवा. परीक्षेमुळे अभ्यासाला शिस्त लागते. राज्य मंडळाच्या दहावीत शास्त्रीय कला आणि लोककला यांसाठी अतिरिक्त गुणांची सोय आहे. कोणत्या संस्थेच्या किती परीक्षा लागतात, अर्ज कधी द्यायचा, हे शाळेच्या कार्यालयात चालू वर्षाचं पत्रक बघूनच ठरवा. दरवर्षी कुणीतरी तारीख चुकवून माझ्याकडे रडत येतं.

गुणांसाठीच आठवीत घाईने सुरू केलेलं शिक्षण मात्र दहावीच्या निकालासोबत संपतं. शाळेचा तास आणि या परीक्षा यांत गल्लत करू नका, एवढंच म्हणते.

समूहगीत स्पर्धेसाठी आठ मुलं निवडायची की नाही?

स्पर्धेसाठी निवडा. पण तासाला नको. जुलैपासून ऑगस्टपर्यंत तेच एक गाणं आणि तीच आठ मुलं, असा तास मी कितीतरी शाळांत पाहिला आहे. सराव मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर ठेवा.

सिनेमातली गाणी शिकवावीत का? कीबोर्ड, गिटार?

हो. मुलं ती तशीही गातात. तुम्ही फक्त विचारा की ठेका कोणता, कडव्यात सूर कुठे गेला, मागे कोणती वाद्यं आहेत. भूप किंवा यमनावर बेतलेली गाणी मुलंच शोधून आणतात आणि कधीकधी मलाच पकडतात.

पाश्चात्त्य स्वरलेखनाची तोंडओळख दहावीपर्यंत व्हायला हरकत नाही. गोव्यात चर्चच्या शाळांमधून ते पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं आणि तिथल्या वादकांना लिहिलेलं वाचून वाजवता येत होतं, म्हणूनच मुंबईच्या सिनेसंगीताच्या वाद्यवृंदांत ते इतक्या मोठ्या संख्येने होते. वाचता येणं ही पोटापाण्याची गोष्टही असते.

गुण कसे द्यावेत?

आवाजाला देऊ नका. मी वर्षाला तीन गोष्टी तपासते: हातावर ताल धरून एक आवर्तन, ऐकवलेल्या तुकड्याची सरगम, आणि घरून आणलेल्या गाण्याची माहिती. गोड गळ्याच्या मुलीला तिसऱ्यात कमी मिळाल्यावर तिची आई भेटायला आली होती. अजून येते.

आमच्या शाळेत संगीत शिक्षकच नाही. मग?

मग परिपाठातली दहा मिनिटं वापरा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात (२०२०) कला आणि इतर विषय यांत भिंत नसावी असं म्हटलं आहे, पण धोरणाने तास भरत नाही हे मुख्याध्यापकांना माहीत असतं. आठवड्यातून दोनदा एक तुकडा ऐकवा, तीन मिनिटांचा, बोलणं बंद ठेवून, आणि एकच प्रश्न विचारा. वाद्य कोणतं? किंवा लय वाढली का? वर्षाला साठ-सत्तर तुकडे होतात. गावातल्या भजनी मंडळाचा मृदंग वाजवणारा महिन्यातून एकदा यायला बहुधा तयार असतो. आणि फेब्रुवारीत तेवढी दहा मिनिटं गणिताला देऊ नका.

ढोल-ताशा पथकात मुलगा जातो. कानाला त्रास होईल का?

होऊ शकतो. ८५ डेसिबलच्या वर रोज तासन्‌तास राहिलं की ऐकू येणं कायमचं कमी होऊ शकतं, आणि पथकाच्या मधोमध आवाज त्याहून बराच जास्त असतो. कानात बोळे घालायला सांगा, दर अर्ध्या तासाने बाजूला व्हायला सांगा. घरी आल्यावर कानात शीळ वाजत असेल तर दुसऱ्या दिवशी सरावाला सुट्टी. डीजेच्या भिंतीसमोर नाचण्याबद्दल वेगळं लिहायची गरज नसावी.

सहल कुठे न्यावी?

मिरजेला. सतारमेकर गल्लीत भोपळ्यापासून तंबोरा कसा होतो ते एका दुपारी दिसतं. ही घराणी मुळात शिकलगारांची, हत्यारांना धार लावणारी, एकोणिसाव्या शतकात ती वाद्यांकडे वळली. पंढरपूरच्या आसपास पिकणारे मोठे भोपळे सुकवून तिथे येतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मुलांना जवारी (तारेचा नाद खुलवण्याची कारागिरी) लावताना दाखवायला सांगा: तारा ज्यावर टेकतात त्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवला की त्याच तारेचा नाद एकदम फुलतो. पन्नास मुलं एका वेळी दुकानात मावत नाहीत, दहा-दहांचे गट करा आणि कारागिरांना आधी विचारून ठेवा.